तिसऱ्या रूपाची दोन कामं

करपलेला टोस्ट खाववत नाही आणि पडलेली फांदी वाट अडवते, अशा अर्थाची दोन साधी उदाहरणं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालपत्रात आहेत. खटला हेन्सन विरुद्ध सँटँडर, निकाल १२ जून २०१७चा, लिहिणारे न्यायमूर्ती नील गोर्सच. अमेरिकेत कर्जवसुली करणाऱ्यांच्या दांडगाईला आळा घालणारा १९७७चा एक कायदा आहे. ‘दुसऱ्याला देणं असलेली कर्जं’ जो नेहमी वसूल करतो, तो या कायद्याच्या कक्षेत येतो. इंग्रजी मजकुरात तिथे शब्द आहे ‘ओड’, म्हणजे ‘ओ’ या क्रियापदाचं तिसरं रूप. सँटँडरने थकलेली वाहनकर्जं मूळ कंपनीकडून विकत घेतली होती आणि आता ती स्वतःसाठी वसूल करत होती. कर्जदारांच्या वकिलांचं म्हणणं होतं की ‘ओड’ हे भूतकालवाचक रूप आहे, म्हणून जे कर्ज पूर्वी दुसऱ्याचं होतं तेही या व्याख्येत बसतं.

न्यायालयाला हे पटलं नाही. इंग्रजीत अशी रूपं आजची स्थिती सांगणारी विशेषणं म्हणून सर्रास वापरली जातात, असं न्यायालयाने म्हटलं आणि त्यासाठीच टोस्ट आणि फांदी पुढे केली. निकालात इतरही मुद्दे होते, पण व्याकरणाचा हा मुद्दा त्यांतला पहिल्या रांगेतला. नऊही न्यायमूर्तींचं एकमत झालं. शाळेत ज्याला आपण ‘थर्ड फॉर्म’ म्हणतो, ते विशेषण मानायचं की क्रियापद, यावर कायद्याचं संरक्षण कुणाला मिळणार हे काही अंशी ठरलं.

महाराष्ट्रातल्या इंग्रजीच्या वर्गात हा प्रश्न एका सूत्रात मिटवला जातो: ‘टू बी’चं रूप अधिक क्रियापदाचं तिसरं रूप म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस. सूत्र सोपं आहे, पाठ होतं, मार्कही मिळवून देतं. पण ‘माय फादर इज रिटायर्ड’ या वाक्याला ते लावून पाहा. वडिलांना कुणी ‘रिटायर’ केलं? ‘द गेस्ट्स आर गॉन’मध्ये पाहुण्यांना कोण ‘गेलं’? ‘आय अॅम टायर्ड’मध्ये कर्ता शोधत बसलेली मुलं आणि ‘समथिंग टायर्स मी’ असं न बोललं जाणारं वाक्य फळ्यावर लिहिणारे शिक्षक, दोघेही त्या सूत्राचे बळी आहेत. माझं म्हणणं असं की ‘हा शब्द कोण आहे?’ हा प्रश्नच उलट्या बाजूने विचारलेला आहे. ‘ब्रोकन’ हा शब्द सुटा हातात घेऊन त्याची जात ठरवता येत नाही. या वाक्यात तो कुठलं काम करतोय, एवढंच विचारता येतं. आणि काही वाक्यांत तो दोन्ही कामं एकाच वेळी करत असतो, हेही मोकळेपणाने मान्य करावं लागतं.

ही संदिग्धता इंग्रजीत आली कुठून, याचं उत्तर इतिहासात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कर्मणी रचनेसाठी दोन साहाय्यक क्रियापदं होती. एक ‘असणं’ या अर्थाचं, आजच्या ‘बी’चं पूर्वज. दुसरं ‘वेओर्दान’, म्हणजे ‘होणं’. वाटणी काटेकोर नव्हती, पण दार बंद आहे आणि दार बंद केलं जातंय यांतला फरक दाखवायला भाषेकडे साधन होतं. जर्मनने ते आजही जपलंय: ‘डी ट्यूर इस्ट गेश्लोसन’ म्हणजे दार बंद आहे, ‘डी ट्यूर विर्ट गेश्लोसन’ म्हणजे दार बंद केलं जातंय. जर्मन मुलाला हा प्रश्न पडतच नाही, कारण साहाय्यक क्रियापदच उत्तर देऊन मोकळं होतं. स्पॅनिशमध्ये ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी जोडी हेच काम करते. इंग्रजीत मात्र मध्ययुग सरता सरता ‘वेओर्दान’ नाहीसं झालं आणि दोघांचं ओझं एकट्या ‘बी’वर पडलं. ‘द शॉप वॉज क्लोज्ड अॅट नाइन’ म्हणजे नऊ वाजता दुकान बंद केलं, की नऊ वाजता गेलो तेव्हा ते बंद होतं? वाक्य दोन्ही सांगतं.

दुसरी गळती प्रत्ययांची. जुन्या इंग्रजीत ही तिसरी रूपं, म्हणजे कृदन्तं, विशेषणासारखी लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे चालत, म्हणजे त्यांचं विशेषणपण अंगावर दिसे. ‘आय हॅव रिटन द लेटर’ हा आजचा पूर्ण काळसुद्धा मुळात ‘माझ्याजवळ पत्र लिहिलेल्या स्थितीत आहे’ अशा रचनेतून आला, आणि सुरुवातीच्या काळात त्यातलं कृदन्त कधीकधी कर्माशी जुळवून घेत असे. प्रत्यय झडले, शब्दक्रम बदलला आणि पत्राचं विशेषण क्रियापदाच्या गोतात सामील झालं. ‘आय हॅव द लेटर रिटन’ असं उलटं फिरवलं की जुनी रचना अजून डोकावते.

व्याकरणकारांना या रूपांची अडचण फार पूर्वीपासून होती. इसवी सनापूर्वीच्या ग्रीक परंपरेत, दिओनिसिऑस थ्राक्सच्या नावावर असलेल्या व्याकरणात, शब्दांच्या आठ जातींपैकी एक स्वतंत्र जात कृदन्तांची होती. नाम आणि क्रियापद दोघांचे गुण त्यात, म्हणून कुणाच्याच घरात ठेवता येईना. ही सोय इंग्रजीतही दीर्घकाळ टिकली. १८५१मध्ये गूल्ड ब्राउन यांनी आपल्या जाडजूड व्याकरणात शब्दांच्या दहा जाती मोजल्या, त्यांत पार्टिसिपलला, म्हणजे कृदन्ताला, वेगळी खुर्ची होती. पुढे ती खुर्ची काढून घेतली गेली आणि प्रत्येक रूपाला विशेषण किंवा क्रियापद यांपैकी एका बाकावर बसवण्याची सक्ती झाली.

बसवायचं कसं, याच्या कसोट्या विसाव्या शतकात धारदार झाल्या. सगळ्यांत प्रसिद्ध कसोटी ‘व्हेरी’ची. ‘व्हेरी टायर्ड’ चालतं, ‘व्हेरी किल्ड’ चालत नाही, म्हणून पहिलं विशेषण. ही केवळ वर्गातली युक्ती नाही, तिच्यावरून इंग्रजांमध्ये बरेच वाद झाले आहेत. ‘व्हेरी प्लीज्ड’ म्हणणं अशुद्ध, ‘व्हेरी मच प्लीज्ड’च म्हणावं, असा आग्रह धरणारे लोक होते. १९२६च्या ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश यूसेज’मध्ये फाउलर यांनीही ‘व्हेरी’ आणि ‘मच’ यांची हद्द आखायचा प्रयत्न केला. मागे वळून पाहिलं की लक्षात येतं, हे भांडण शिष्टाचाराचं नव्हतं. एकेक शब्द क्रियापदाच्या कुंपणावरून विशेषणाच्या अंगणात उतरत होता आणि लोक ते उतरताना पाहत होते. ‘टायर्ड’ आधी उतरला, ‘प्लीज्ड’ मागून, ‘इम्प्रेस्ड’ आणखी मागून.

पण ‘व्हेरी’ एकेरी कसोटी आहे, हे शिकवताना सांगितलं जात नाही. ती लागली तर शब्द विशेषण. लागली नाही तर काहीच सिद्ध होत नाही, कारण कमी-जास्त न होणारी विशेषणं इंग्रजीत भरपूर आहेत. ‘डेड’ हे निखळ विशेषण आहे, पण ‘व्हेरी डेड’ सहसा कुणी म्हणत नाही. ‘मॅरिड’चंही तसंच. म्हणून दुसरी कसोटी घ्यायची: ‘सीम’, ‘लुक’, ‘रिमेन’ या क्रियापदांची. ‘ही सीम्ड वरीड’ होतं, ‘ही सीम्ड इन्व्हायटेड’ कानाला खटकतं. ‘द विंडो रिमेन्ड ब्रोकन फॉर मंथ्स’ झालं की तिथला ‘ब्रोकन’ विशेषण हे पक्कं. उलट दिशेची कसोटी ‘बीइंग’ची. ‘द विंडो इज बीइंग ब्रोकन’ म्हटलं की घटना चालू आहे, कुणीतरी दगड मारतंय, आणि इथे विशेषणाला जागा नाही.

‘बाय’ची कसोटी आपल्याकडे सर्वांत लाडकी. ‘बाय’ आला की क्रियापद, असं ठोकून सांगितलं जातं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण ‘शी वॉज व्हेरी इम्प्रेस्ड बाय द स्पीच’मध्ये ‘व्हेरी’ही आहे आणि ‘बाय’ही. एक कसोटी विशेषण म्हणते, दुसरी क्रियापद. ‘द आयलंड इज अनइनहॅबिटेड बाय ह्यूमन्स’ घ्या. ‘अनइनहॅबिट’ असं क्रियापद इंग्रजीत अस्तित्वातच नाही, म्हणजे शब्द विशेषणच असला पाहिजे, तरी ‘बाय’ हजर. आणि ‘नोन टू’, ‘इंटरेस्टेड इन’, ‘सरप्राइज्ड अॅट’ यांचं काय? आपल्याकडच्या गाइडांत यांची ‘बायऐवजी दुसरं शब्दयोगी अव्यय घेणारे पॅसिव्ह’ अशी यादी असते आणि मुलं ती घोकतात. खरं तर दुसरं अव्यय येणं हीच ते रूप विशेषणाकडे सरकल्याची खूण आहे. ‘प्राउड ऑफ’, ‘गुड अॅट’ अशी साधी विशेषणं आपापलं अव्यय घेऊन येतात, तशीच ही.

आता ‘अन’ या उपसर्गाकडे यायला हवं, कारण या साऱ्या प्रश्नातली सर्वांत सुंदर गुंतागुंत तिथे आहे. १९७३मध्ये डोरोथी सीगल यांनी आपल्या निबंधात दाखवलं की ‘अनब्रोकन’, ‘अनरेड’, ‘अनटच्ड’ हे शब्द कर्मणी क्रियापदाला ‘अन’ लावून झालेले नाहीत. तशी क्रियापदंच नाहीत. आधी तिसऱ्या रूपाचं विशेषण झालं, मग त्याला नकार लागला. म्हणून ‘अन’ लागला की आत विशेषण बसलेलं आहे असं समजावं. पण इंग्रजीत ‘अन’ दोन आहेत. एक नकाराचा, विशेषणाला लागणारा, जसा ‘अनहॅपी’. दुसरा उलट क्रियेचा, क्रियापदाला लागणारा, जसा ‘अनटाय’ किंवा ‘अनलॉक’. ‘द डोअर वॉज अनलॉक्ड’ या चार शब्दांत दोन्ही एकत्र येतात. पहिला अर्थ: दाराला कुलूप लावलेलंच नव्हतं. दुसरा: पहारेकऱ्याने येऊन कुलूप उघडलं. तिसरा: कुलूप आधीच कुणीतरी उघडून ठेवलं होतं आणि दार त्या स्थितीत होतं. पहिल्यात नकाराचा ‘अन’ आणि विशेषण, दुसऱ्यात उलट क्रियेचा ‘अन’ आणि क्रियापद, तिसऱ्यात उलट क्रियेचं क्रियापद पुन्हा विशेषण झालेलं. चोरीचा पंचनामा लिहिणाऱ्याला हा फरक शब्दशः महत्त्वाचा ठरेल. पहिल्या अर्थात घरमालकाचा निष्काळजीपणा आहे, तिसऱ्यात कुणाजवळ तरी किल्ली होती.

आणखी एक कसोटी कमी शिकवली जाते, पण माझ्या मते ती सर्वांत निर्णायक आहे. क्रियापद आपल्या पुढे दुसरं नाम सांभाळू शकतं, विशेषणाला ते सहसा जमत नाही. ‘ही वॉज सेंट अ लेटर’ उत्तम इंग्रजी आहे. ‘ही रिमेन्ड अनसेंट अ लेटर’ कुणाच्याच तोंडी येणार नाही. ‘शी वॉज इलेक्टेड प्रेसिडेंट’ चालतं, तिथे ‘अन’ घुसवून पाहा, वाक्य मोडतं.

इंग्रजीने काही ठिकाणी स्वतःच दोन वेगळी रूपं ठेवून आपली सोय केलेली आहे. बर्फ वितळला तर ‘मेल्टेड’, पण वितळलेलं लोखंड ‘मोल्टन’. सफरचंद सडलं ही घटना ‘रॉटेड’, सडकं सफरचंद ‘रॉटन’. ‘शेव्हन’, ‘संकन’, ‘श्रंकन’, ‘ड्रंकन’ ही सगळी जुनी कृदन्तं, क्रियापदाच्या कामातून बहुतेक सुटलेली आणि विशेषण म्हणून नामाआधी उभी. काही शब्दांत फरक फक्त उच्चारात उरला. ‘आय लर्न्ड’ एका अवयवाचं, पण आपल्या उच्च न्यायालयांत वकील एकमेकांचा उल्लेख ‘लर्नेड फ्रेंड’ असा करतात तेव्हा ते दोन अवयवांचं. ‘एजेड मॅन’ म्हणजे वयोवृद्ध माणूस, ‘एज्ड चीज’ म्हणजे मुरवलेलं चीज. ‘ब्लेसेड’ आणि ‘ब्लेस्ट’ यांचंही असंच. कानाने ऐकू येणारा हा फरक छापील पानावर अदृश्य होतो, म्हणून पुस्तकावरून इंग्रजी शिकलेल्या आपल्यासारख्यांना तो उशिरा कळतो.

‘एड’ दिसला की मागे क्रियापद असलंच पाहिजे, हा समजही तपासून घ्यावा. ‘बिअर्डेड’, ‘थ्री-लेग्ड’, ‘टॅलेंटेड’ यांच्या मागे नाम आहे. १८३२मध्ये कवी कोलरिज ‘टॅलेंटेड’ या शब्दावर कडाडून चिडले होते. नामापासून कृदन्त करायचं हा कुठला न्याय, असा त्यांचा सवाल होता. शब्दाने त्यांची पर्वा केली नाही.

जागाही बोलते. ‘कन्सर्न्ड पेरेंट्स’ म्हणजे काळजीत पडलेले पालक, ‘द पेरेंट्स कन्सर्न्ड’ म्हणजे संबंधित पालक. ‘अॅन इन्व्हॉल्व्ड स्टोरी’ गुंतागुंतीची, ‘द पीपल इन्व्हॉल्व्ड’ म्हणजे त्या प्रकरणातले लोक. नामाआधी आलं की स्थायी गुण, नामानंतर आलं की त्या प्रसंगापुरता संबंध, असा कल इथे दिसतो. पण नामाआधी येणारं प्रत्येक रूप शुद्ध विशेषण नसतं. ‘रीसेंटली अराइव्ह्ड गेस्ट्स’मध्ये ‘रीसेंटली’ हे क्रियाविशेषण घटनेलाच चिकटलेलं आहे. इथे आणखी एक नियम डोकावतो: ‘फॉलन लीफ’, ‘एस्केप्ड प्रिझनर’, ‘रिटायर्ड टीचर’ चालतात, ‘स्लेप्ट चाइल्ड’ किंवा ‘लाफ्ड मॅन’ चालत नाहीत. अकर्मक क्रियापदांपैकी ज्यांच्यात कर्त्याची स्थिती वा जागाच बदलून जाते, त्यांनाच ही मुभा बहुधा मिळते. ‘माय फादर इज रिटायर्ड’चं उत्तर इथे आहे.

अभ्यासकांमधल्या वादाकडे वळू. चॉम्स्की यांच्या १९५७च्या मांडणीत कर्मणी वाक्य कर्तरी वाक्याच्या रूपांतरातून येई. सगळीच ‘बी अधिक तिसरं रूप’ वाक्यं तशी येतात का, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९७७मध्ये टॉमस वासो यांनी दोन कारखाने वेगळे केले: क्रियापदी कर्मणी वाक्यरचनेत घडतो, विशेषणी कर्मणी शब्दसंग्रहातच तयार होऊन येतो. दुसऱ्या नामाची जी कसोटी वर आली, ती या विभागणीचाच परिपाक. १९८६मध्ये बेथ लेविन आणि मालका रॅपपोर्ट यांनी विचारलं, की एकाच क्रियापदाची दोन कर्मं असतील तर विशेषण कोणत्या कर्माचं होईल? ‘अनफेड बेबी’ होतं, पण न भरवलेल्या खिरीला ‘अनफेड’ म्हणता येत नाही. कारण ‘फीड’ बाळाला एकट्याला घेऊन उभं राहू शकतं, खिरीला एकटीला घेऊन नाही. इतकं साधं, इतकं नेमकं निरीक्षण व्याकरणात क्वचित वाचायला मिळतं.

मग २०००मध्ये आंगेलिका क्राट्झर यांनी दाखवलं की विशेषणी कर्मणीसुद्धा एकजिनसी नाही. काही स्थिती उलटवता येतात, त्यांना ‘स्टिल’ लागतो: टायरमध्ये हवा अजून भरलेली आहे. काही स्थिती एकदा झाल्या की कायमच्या: प्रमेय ‘अजून सिद्ध झालेलं आहे’ असं म्हटलं की मराठीतही ते विचित्र वाटतं. २००४मध्ये डेव्हिड एम्बिक यांनी तिसरा कप्पा उघडला, तो ‘ओपन’ आणि ‘ओपन्ड’ यांच्या जोडीवरून. ‘द डोअर इज ओपन’मध्ये कुणी दार उघडल्याची बातमी नाही. दार मुळातच उघडं बांधलेलं असेल. ‘ओपन्ड’ म्हटलं की मागे उघडण्याची क्रिया आलीच. आपल्या मुलांची ‘द शॉप इज ओपन्ड’ आणि ‘द शॉप इज क्लोज’ ही दोन्ही वाक्यं नेमकी इथे घसरतात. उघडं या स्थितीसाठी इंग्रजीत तयार विशेषण आहे, म्हणून प्रत्यय नको. बंद या स्थितीसाठी तसं नाही, ‘क्लोज’ हे विशेषण ‘जवळ’ या अर्थाला खर्च झालेलं, म्हणून तिथे तिसऱ्या रूपावाचून गत्यंतर नाही. एवढं सांगितलं की चूक मुळातून सुटते, नुसतं लाल पेनने खोडून सुटत नाही.

मोठ्या संदर्भव्याकरणांनी दोन वेगळ्या वाटा धरल्या. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या १९८५च्या ग्रंथात कर्मणीची उतरंड आहे: मध्यवर्ती कर्मणी, मग अर्ध-कर्मणी, शेवटी नुसती कर्मणीसारखी दिसणारी रचना. हडलस्टन आणि पुलम यांचं २००२चं केंब्रिज व्याकरण क्रियापदी आणि विशेषणी असे दोनच कप्पे करतं आणि संदिग्ध वाक्याला दोन स्वतंत्र विश्लेषणं देतं. मला हडलस्टन-पुलम यांची शिस्त विश्लेषणासाठी अधिक पटते. पण ‘व्हेरी इम्प्रेस्ड बाय’सारख्या वाक्यासमोर क्वर्क यांची उतरंड अधिक प्रामाणिक वाटते.

संगणकासाठी शब्दांना खुणा लावणाऱ्यांना तर तात्त्विक चर्चेची चैन परवडत नाही. प्रत्येक शब्दाला शिक्का मारावाच लागतो. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पेन ट्रीबँक प्रकल्पात बिअट्रिस सँटोरिनी यांनी १९९०मध्ये शिक्के मारणाऱ्यांसाठी सूचना लिहिल्या. त्यांत विशेषण की तिसरं रूप या प्रश्नाला स्वतंत्र जागा द्यावी लागली आणि वरच्याच कसोट्या कामाला आल्या. दहा कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसने वेगळा मार्ग काढला. यंत्राला खात्री नसेल तिथे ‘विशेषण किंवा तिसरं रूप’ असा जोडशिक्काच मारायचा. अनिश्चिततेची नोंद करणारा हा शिक्का मला फार मोलाचा वाटतो. शाळेच्या उत्तरपत्रिकेत त्याला जागा नाही, हीच अडचण आहे.

मराठी माणसाकडे मात्र या प्रश्नासाठी एक हत्यार आहे, जे लंडनच्या मुलाकडे नाही. ‘द पॉट वॉज ब्रोकन’ या एका वाक्याची मराठीत तीन वाक्यं होतात: माठ फुटका होता, माठ फुटलेला होता, माठ फोडला गेला. ‘फुटका’मध्ये निव्वळ गुण आहे. ‘फुटलेला’मध्ये स्थिती आहे आणि तिच्यामागे घडलेली घटना जाणवते. ‘फोडला गेला’ ही सरळ घटना. फाटका-फाटलेला, मोडका-मोडलेला, कुजका-कुजलेला, नासका-नासलेला, तुटका-तुटलेला अशी ही मालिका लांबलचक आहे. गुणाचं रूप घटनेपासून किती सुटलंय, हे लाक्षणिक अर्थात कळतं: कुजकं बोलणं असतं, कुजलेलं बोलणं नसतं, आणि नशीबही फुटकं असतं. एम्बिक यांचे तीन कप्पे आपण बाजारात माठ वाजवून घेताना रोज वापरतो. इंग्रजी वाक्य मराठीत घालून पाहावं. ‘-का’चं किंवा साधं विशेषण सहज बसलं तर विशेषण, ‘गेला’ किंवा ‘-ण्यात आला’ बसलं तर क्रियापद. मर्यादा इतकीच की ‘-लेला’ दोन्हीकडे झुकतो. ‘आईने लिहिलेलं पत्र’मध्ये कर्ता ठणठणीत उभा आहे, तरी शब्द पत्राचं विशेषणच आहे.

याच मराठीमुळे आपली एक चूकही होते. संस्कृतातला ‘गत’ प्राकृतातला ‘-इल्ल’ घेऊन ‘गेला’ झाला, ‘मृत’चा ‘मेला’ झाला. आपला साधा भूतकाळ कृदन्तावर उभा आहे, म्हणून तर तो गेला, ती गेली, ते गेलं असं लिंग धरतो. पाणिनीने ‘गत’सारखी कृदन्तं घडवणाऱ्या ‘क्त’ आणि ‘क्तवतु’ या प्रत्ययांना ‘निष्ठा’ अशी एकच संज्ञा दिली. या कृदन्तांनी पुढे क्रियापदाची जागा घेतली. इंग्रजीत कृदन्त ‘बी’ किंवा ‘हॅव’सारख्या क्रियापदाशिवाय वाक्य पुरं करत नाही. त्यामुळे ‘तो मेला आहे’ डोक्यात ठेवून लिहिणारा विद्यार्थी ‘ही इज डाइड’ लिहितो. तिथे विशेषण हवं तर ‘डेड’, क्रियापद हवं तर ‘हॅज डाइड’. विद्यार्थ्याची भाषाबुद्धी मंद नसते, ती मराठीच्या नियमाने अचूक चाललेली असते.

म्हणून ‘चेंज द व्हॉइस’च्या प्रश्नात ‘आय अॅम इंटरेस्टेड इन म्युझिक’ घालणं थांबवावं, असं मला ठामपणे वाटतं. ‘म्युझिक इंटरेस्ट्स मी’ हे उत्तर व्याकरणाने चुकीचं नाही, पण ते पहिल्या वाक्याचं कर्तरी रूप आहे हे सिद्ध करणं कठीण आहे. ज्या मुलाला हे रूपांतर अडतं, त्याच्या कानाला काहीतरी बरोबर ऐकू आलेलं असतं.

आणि इंग्रजी अजून स्थिरावलेली नाही. कॅनडात, तसंच फिलाडेल्फिया आणि व्हरमाँटच्या बाजूला लोक सर्रास म्हणतात, ‘आय अॅम डन माय होमवर्क’. बाहेरच्याला वाटतं ‘हॅव’चं चुकून ‘अॅम’ झालं. पण तेच लोक ‘आय अॅम ऑल डन माय होमवर्क’ही म्हणतात, आणि हा ‘ऑल’ विशेषणाला शोभणारा आहे. ‘फिनिश्ड’बरोबरही ही रचना चालते, पण ‘आय अॅम रिटन माय होमवर्क’ ते कधीच म्हणणार नाहीत. म्हणजे ‘डन’ इथे विशेषणासारखं वागतंय आणि तरी क्रियापदासारखं पुढचं नाम सांभाळतंय. जोसेफ फ्रूहवाल्ड आणि नील मायलर यांनी २०१५मध्ये या रचनेवर सविस्तर लेख लिहून ती विशेषणीच असल्याचं मांडलं. मग वर जिला मी सर्वांत निर्णायक म्हटलं, ती दुसऱ्या नामाची कसोटी निदान त्या भागातल्या इंग्रजीत एक-दोन शब्दांपुरती सैल धरावी लागते.